कार्डात हजारो फोटो, बिबट्या मात्र नाही: कॅमेरा ट्रॅपच्या रिकाम्या फोटोंचं निदान

वर्षातून दोनदा, एकदा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात आणि एकदा एप्रिल संपता संपता, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल, म्हणजे कॅमेरा ट्रॅपबद्दल, माझ्याकडे एकच तक्रार येते. "दादा, तीन आठवडे कॅमेरा लावला होता. चार हजार फोटो आलेत आणि सगळं नुसतं गवत. सेन्सर गेलाय बहुतेक, बघा ना." आणि लगेच पुढे, "वाटेवर ठसे ताजे आहेत हो. जनावर तिथूनच जातंय."

माझा व्यवसाय इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचा, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आरे, येऊर, नागला या भागांत वन विभागाच्या परवानगीनं काम करणाऱ्या मंडळींचे कॅमेरे मी तपासून देतो आणि रविवारी त्यांच्याबरोबर ते लावायलाही जातो. टेबलावर येणारे बहुतेक कॅमेरे उघडून पाहिले तर सेन्सर ठणठणीत असतो. तापलेलं सोल्डरिंग आयर्न लांबून इकडून तिकडे फिरवलं तरी लगेच टिपतो. बिघाड असतो तो कॅमेरा जिथे बांधला त्या जागेत. तोच कॅमेरा नवा समजून परत तिथेच बांधला की पुढच्या महिन्यात तीच तक्रार घेऊन तीच माणसं येतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

एक विनंती आधीच करतो. रिकामे फोटो पुसू नका. कार्ड हातात आलं की आपण आधी रिकामे फोटो उडवतो आणि कामाचे तेवढे ठेवतो. पण कॅमेऱ्याला काय झालंय ते सांगणारे हेच फोटो असतात. डॉक्टरकडे जाताना ताप किती वाजता चढतो ते सांगावं लागतं, तसंच इथे आहे.

सेन्सरला जनावर दिसत नाही

कॅमेऱ्याच्या लेन्सखाली पांढरट, थोडी फुगीर प्लॅस्टिकची खिडकी असते. तिच्यामागे पीआयआर सेन्सर बसवलेला असतो. तो स्वतः काहीच सोडत नाही, समोरून येणारी उष्णता फक्त घेतो. खिडकीवरच्या बारीक वर्तुळांना फ्रेनेल लेन्स म्हणतात. ही वर्तुळं समोरच्या जागेचे पट्टे पाडतात. आत उष्णता ओळखणारे दोन तुकडे शेजारी शेजारी असतात. एका तुकड्याला जास्त ऊब लागली आणि क्षणभरानं दुसऱ्याला, तर सेन्सर म्हणतो, काहीतरी हललं, फोटो काढ.

म्हणजे त्याला जनावर कळत नाही, नुसती हालचालही कळत नाही. त्याला कळतो उष्णतेचा फरक, आणि तोही जागेवरून सरकणारा. यातून दोन दुखणी निघतात. उन्हानं तापलेलं पान वाऱ्यावर हललं तर जनावर नसताना फोटो निघतो. आणि जनावराच्या अंगाची बाहेरून दिसणारी उष्णता मागच्या पार्श्वभूमीइतकीच असेल, तर जनावर समोरून गेलं तरी फोटो निघत नाही. बिबट्याच्या शरीराचं आतलं तापमान ३८ अंशांच्या आसपास असतं, पण वरून केसांचा थर असल्यानं बाहेर जाणवतं ते त्याहून बरंच कमी.

दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच, आणि आपण हमखास करतो तो उपाय म्हणजे सेन्सिटिव्हिटी 'हाय' करणं. त्यानं दुसरं दुखणं थोडं कमी होतं आणि पहिलं दुप्पट वाढतं. कार्ड चार दिवसांत भरतं, आणि पाचव्या रात्री बिबट्या येतो तेव्हा जागा शिल्लक नसते. मी जागा सुधारल्याशिवाय सेन्सिटिव्हिटीला हात लावत नाही.

आधी वेळा वाचा

एक वही घ्या. कागदावर ० ते २३ असे तासांचे चोवीस रकाने आखा आणि प्रत्येक रिकामा फोटो किती वाजताचा आहे ते बघून रेघा मारा. फोटो हजारांत असतील तर संगणकावर वेळेनुसार लावून तासातासाचे मोजा. अर्धा तास लागतो. पण या अर्ध्या तासात जे कळतं ते कॅमेरा उघडून दिवसभरात कळत नाही.

रेघांचा ढीग सकाळी दहा ते दुपारी चारच्या मध्ये असेल तर ते ऊन आणि पानं. ऑक्टोबरातल्या तक्रारी जवळपास सगळ्या याच. पावसाळ्यात करवी आणि गवत माणसाच्या उंचीचं झालेलं असतं, ऊन कडक पडायला लागलेलं असतं, आणि जूनच्या आधी मोकळी असलेली वाट आता पानांनी भरलेली असते. कॅमेऱ्यासमोरचं पहिलं दीड-दोन मीटर सगळ्यांत महत्त्वाचं. तिथलं एक पान सेन्सरला दहा मीटरवरच्या सांबरापेक्षा मोठं दिसतं. गवत पायानं दाबून आडवं केलं तरी पुरतं. कापायचं असेल तर सोबतच्या वनरक्षकाला विचारून तेवढंच कापावं. फांद्या तोडू नयेत, सुतळीनं बाजूला बांधून ठेवाव्यात आणि कॅमेरा काढताना सुतळीही काढून आणावी.

कॅमेऱ्याचं तोंड कुठे असावं याबद्दल सगळे सांगतात, उत्तरेकडे. हिवाळ्यात ते बरोबर आहे. पण मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो, आणि उगवतो-मावळतोही पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला. त्यामुळे जानेवारीत वायव्येकडे तोंड करून निर्धास्त बांधलेला कॅमेरा मेमध्ये संध्याकाळी थेट सूर्यात बघत असतो. रेघा फक्त साडेपाच ते सातमध्ये जमल्या असतील तर हे तपासा. दहा-पंधरा अंश वळवून भागतं.

रात्रभर सारख्या अंतरानं रिकामे फोटो येत असतील, ऊन नाही, वारा नाही, तर खिडकीवर काहीतरी बसलंय. मुंग्या, कोळी, कुंभारीण माशीनं घातलेलं मातीचं घर. कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यात पांढऱ्या दोरखंडासारखा चमकतो, फोटोत लगेच ओळखू येतो. मऊ ब्रशनं साफ करायचं, नखानं खरवडायचं नाही. फ्रेनेलची वर्तुळं बारीक असतात, ओरखडा पडला की तो पट्टा कायमचा आंधळा होतो. मुंग्या बहुतेक वेळा कॅमेरा बांधायच्या पट्ट्यावरून चढून येतात. पट्ट्यावर खोडाच्या दोन्ही बाजूंना व्हॅसलीनचा जाड थर दिला तर पावसापर्यंत टिकतो. कीटकनाशकाचा फवारा मात्र कधीच मारू नका. त्या जागेला दिवसेंदिवस वास येत राहतो, आणि आपण तिथे ज्याची वाट बघतोय त्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे.

रेघा दिवसभर कशाही विखुरलेल्या आणि प्रत्येक फोटोत चौकट थोडी हललेली दिसली, तर झाड हलतंय. मनगटाएवढ्या खोडाला बांधलेला कॅमेरा वाऱ्यात डुलतो, आणि त्याच्या दृष्टीनं सगळं जंगल हलतं. माणसाच्या मांडीपेक्षा जाड खोड शोधा. आणि एका क्षणापासून पुढे नुसतं आभाळ किंवा नुसती जमीन आली असेल तर त्याच्या आधीचे दोन-तीन फोटो बघा. माकडाचं बोट तिथे हमखास सापडतं. कॅमेऱ्यामागे लाकडाची पाचर मारून दुसरा पट्टा आवळला की ते वळवणं थांबतं.

गोठ्याची भिंत

आता जो प्रकार मला सगळ्यात उशिरा कळला त्याबद्दल.

आरेत एका बंद पडलेल्या गोठ्याच्या मागून पायवाट जाते. धुळीत बिबट्याचे ठसे दर दोन-तीन दिवसांनी नवे. एप्रिलमध्ये आम्ही तिथे कॅमेरा लावला. जागा पुस्तकात दाखवतात तशी होती. वाट कॅमेऱ्यासमोरून आडवी जाणारी, गवत नाही, पान नाही, मागे गोठ्याची सपाट सिमेंटची भिंत. रिकामे फोटोही फार नव्हते. पण २३ रात्रींत बिबट्याचा एकही फोटो नाही. कुत्रे आले, तेही पहाटेचे. उदमांजर आलं, तेही पहाटेच. कॅमेरा बदलला. दुसरा कॅमेरा, तीच गत. तिसरा तर मी स्वतः टेबलावर तासभर तपासून नेला होता.

त्या दिवशी शेजारच्या पाड्यावरचे काका आमच्यासोबत उभे होते. पाड्यावरची मंडळी बिबट्याला वाघच म्हणतात. काका म्हणाले, "वाघ येतो. परवा रात्री आठ-साडेआठला कुत्री भुंकत होती, तवाच गेला." आणि मग भिंतीवर हात ठेवून सहज म्हणाले, "थंडीत आम्ही हिला पाठ लावून बसतो. रात्री दहापर्यंत ऊब देते."

मी जागच्या जागी थांबलो. भिंतीचं तोंड पश्चिमेला. दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत ती तापते आणि मग मध्यरात्रीपर्यंत ती ऊब सोडत राहते. कोविडच्या काळात कपाळासमोर धरायची ती तापमापी बंदूक माझ्या पिशवीत होती, तिला पृष्ठभागाचं तापमान मोजायची सोय असते. रात्री आठ वाजता भिंत ३४ अंश दाखवत होती. बिबट्या त्या भिंतीसमोरून जात होता तेव्हा सेन्सरला ऊबेसमोर ऊबच दिसत होती. फरकच नाही, म्हणून फोटोच नाही. पहाटे भिंत गार झाल्यावर जे यायचं ते टिपलं जायचं. वेळांचा तक्ता आम्ही केला असता तर संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंतची ती पोकळी पहिल्याच आठवड्यात दिसली असती. रिकामे फोटो कमी होते म्हणून आम्ही तो केलाच नव्हता.

आम्ही कॅमेरा वाटेच्या पलीकडच्या झाडावर नेला, भिंतीकडे पाठ करून. आता त्याच्यासमोर वाट, वाटेमागे नाला आणि नाल्यापलीकडे सावलीतली झुडपं. चौथ्या रात्री ८ वाजून ४७ मिनिटांनी बिबट्याची मादी, पूर्ण डावी कूस.

तेव्हापासून मुंबईत कॅमेरा लावताना मी आधी पार्श्वभूमी बघतो. आपलं जंगल शहराला चिकटून आहे. जिथे तिथे कुंपणाच्या भिंती, डांबरी रस्ते, पाण्याच्या जाड नळवाहिन्या, उघडे कातळ. बिबट्या नेमका या कडांनीच चालतो आणि या सगळ्या वस्तू संध्याकाळी तापलेल्या असतात. सूर्य मावळल्यावर तासाभरानं तिथे जाऊन मागच्या वस्तूवर तळहात टेकवायचा. ऊब लागली तर कॅमेऱ्याचं तोंड तिकडे नको. तापमापी असेल तर उत्तम, नसेल तर हात पुरतो.

जे फोटो रिकामे वाटतात, पण नसतात

चौकटीच्या कडेला शेपटीचं टोक. किंवा नुसती हललेली धूळ. असे फोटो 'रिकामे' म्हणून जातात, पण इथे सेन्सरनं काम केलेलं असतं, कॅमेऱ्याला उशीर झालेला असतो. सेन्सरला कळल्यापासून फोटो निघेपर्यंत चांगल्या कॅमेऱ्याला पाव सेकंद लागतो, जुन्याला एक सेकंद किंवा जास्त.

हिशेब सोपा आहे. बिबट्या निवांत चालतो तेव्हा सेकंदाला साधारण एक मीटर जातो. कॅमेऱ्याची दृष्टी ५० अंशांची धरली तर दीड मीटरवर त्याला जेमतेम १.४ मीटर रुंदीची चौकट दिसते. बिबट्या चौकटीत शिरला, सेन्सरला कळलं, एक सेकंद गेला, आणि तोवर त्याचं तोंड पलीकडच्या कडेला पोचलं. तोच कॅमेरा मागे, वाटेपासून साडेतीन मीटरवर नेला की चौकट सव्वातीन मीटरची होते आणि अख्खं जनावर मावतं. म्हणून वाटेपासून तीन ते चार मीटर, आणि उंची साधारण ४० ते ४५ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या गुडघ्याच्या खाली. पुष्कळजण कॅमेरा छातीच्या उंचीवर बांधतात कारण बांधायला सोपं जातं. त्यानं बिबट्याची पाठ दिसते आणि उदमांजर, साळिंदर खालून निघून जातात.

वाट कॅमेऱ्यासमोरून आडवी जायला हवी. जनावर थेट कॅमेऱ्याकडे चालत आलं तर ते सेन्सरच्या एकाच पट्ट्यात राहतं, एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकत नाही, आणि अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही.

बिबट्यासाठी आपण वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा का लावतो तेही नव्या मुलांना सांगावं लागतं. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आणि एकाच बिबट्याची डावी कूस उजवीसारखी नसते. एका रात्री फक्त डावी मिळाली आणि दुसऱ्या रात्री फक्त उजवी, तर ते एक जनावर की दोन हे सांगता येत नाही. आपल्या उद्यानात आणि आसपास २०१५ च्या अभ्यासात ३५ बिबटे ओळखले गेले, २०१८ मध्ये ४७. ते आकडे याच जोड्यांवर उभे आहेत. जोडीतला एक कॅमेरा गवताचे फोटो काढत बसला तर त्या जागेचं अर्धं काम वाया जातं. दोन्ही अगदी समोरासमोर ठेवू नका, एकाचा दिवा दुसऱ्याच्या लेन्समध्ये जातो आणि फोटो पांढरा पडतो. हातभर मागे-पुढे सरकवा.

रिकामे फोटो माणसानं बघून वेगळे करणं जीव काढणारं काम आहे. २०१८-१९ च्या देशभरच्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३,४८,५८,६२३ फोटो जमले. त्यातले वाघाचे ७६,६५१, बिबट्याचे ५१,७७७. एवढ्या पसाऱ्यासाठी आता संगणकाची मदत घेता येते. मेगाडिटेक्टर नावाची फुकट मिळणारी प्रणाली फोटोत प्राणी आहे, माणूस आहे की वाहन, एवढं सांगते. कुठला प्राणी ते सांगत नाही. साध्या लॅपटॉपवर रात्रभर लावून ठेवली की सकाळी ढीग वेगळे झालेले असतात. पण 'रिकामे' म्हणून बाजूला टाकलेल्या ढिगातले शंभर-दोनशे फोटो उजेड वाढवून स्वतः बघाच. वाघाटी हे मांजर मुठीएवढ्या तोंडाचं, आपल्या उद्यानात आहे, आणि ते कायम चौकटीच्या कोपऱ्यात असतं.

रात्रीचे फोटो काळे

दिवसा सगळं छान, रात्री काळं किंवा काहीच नाही. इथे मात्र प्रश्न खरोखर कॅमेऱ्याच्या पोटात असतो, आणि तो म्हणजे सेल. रात्रीच्या फोटोला इन्फ्रारेड दिव्यांची पूर्ण रांग पेटते आणि त्या क्षणी सेलवर मोठा भार येतो. थकलेल्या सेलचा विद्युतदाब तेवढ्यापुरता कोसळतो. दिवसा भार नसतो, म्हणून बॅटरीचं चिन्ह भरलेलं दिसतं. नुसत्या मल्टिमीटरवर मोजलं तरी ठीक दिसतं, भार देऊन मोजावं लागतं. आठ सेलपैकी एक मेलेला असला तरी उरलेले सात त्याच्यामागे ओढले जातात. म्हणून एकेक सेल वेगळा तपासा, आणि जुने-नवे किंवा दोन कंपन्यांचे कधीही एकत्र घालू नका. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात. काही कॅमेरे त्यांना पहिल्या दिवसापासून अर्धे संपलेले समजतात, काही नाही. तुमचा कॅमेरा कुठल्या जातीचा ते घरी गच्चीवर दोन रात्री लावून बघा, जंगलात नव्हे.

सेल गळून डब्यात पांढरा थर जमला असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर, ते कोरडं झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. पाण्यानं धुऊ नका.

पावसाळा

जून ते सप्टेंबर मुंबईत २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि कुठलाही कॅमेरा जलरोधक म्हणजे झाकणाच्या रबराइतकाच जलरोधक. त्या रबराच्या खाचेत वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत येतं. दर वेळी बोटानं पूर्ण फिरवून पुसा, वर्षातून एकदा सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या.

पण मी बघितलेले बरेच कॅमेरे पावसानं भिजलेले नव्हते, आतल्या दमटपणानं मेलेले होते. रात्रभर एसी खोलीत ठेवलेला कॅमेरा सकाळी येऊरच्या दमट हवेत उघडला की थंड लेन्सवर आतूनच वाफ धरते. झाकण लावलं की ती आत कोंडली जाते आणि पुढचे दहा दिवस सगळे फोटो दुधी येतात. कॅमेरा बंद झाकणानं तासभर बाहेरच्या हवेत ठेवा, मग उघडा. आत सिलिका जेलची पुडी हवीच. नारिंगी रंगाची घ्या, ओल शोषली की ती हिरवी पडते. निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्टचं क्षार असतं आणि ते विषारी आहे, जंगलात सांडायला नको. हिरवी पडलेली पुडी फेकू नका, जेल काढून ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवलं की पुन्हा नारिंगी होतं. तांदळात ठेवायचा घरगुती उपाय कॅमेऱ्याला करू नका, पीठ आत जातं.

तारीख चुकलेली

सेल बदलताना काही कॅमेऱ्यांचं घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर परत जातं. एकदा जोडीतल्या दोन कॅमेऱ्यांत बरोबर बारा तासांचा फरक निघाला. दिवसा-रात्रीची खूण चुकली होती, आणि एकाच बिबट्याच्या दोन कुशी आम्ही दोन वेगळ्या फेऱ्यांच्या समजून बसलो होतो. कॅमेरा चालू केल्यावर आणि काढण्याआधी मोबाइलचं घड्याळ त्याच्यासमोर धरून एक फोटो काढून घ्या. फरक पडलाच तर त्या फोटोवरून सगळ्यांची वेळ सुधारता येते. मूळ फोटोंना हात लावू नका, सुधारलेली वेळ वेगळ्या तक्त्यात लिहा.

वेळेचा हा काटेकोरपणा नसती उठाठेव वाटत असेल तर आरेतलं २०२१ आठवा. माणसांवर हल्ले झाले तेव्हा नेमका कोणता बिबट्या तिथे फिरतोय हे शोधायला कॅमेरा ट्रॅपच लावले होते. चुकीचा बिबट्या पकडून दुसरीकडे सोडला तर त्रास थांबत नाही, उलट नव्या जागी सुरू होतो, हे वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागातल्या अभ्यासातून दाखवून दिलं आहे. कुठल्या जनावराला पिंजरा लावायचा हा निर्णय जेव्हा फोटोखालच्या तारखेवर आणि वेळेवर अवलंबून असतो, तेव्हा ती वेळ खरी असायलाच हवी.

जीपीएस कॉलरबद्दलही, म्हणजे बिबट्याच्या गळ्यात घालायच्या, त्याचं ठिकाण कळवणाऱ्या पट्ट्याबद्दलही मला विचारतात. २०२१ मध्ये सावित्री, महाराजा अशा आपल्या बिबट्यांना कॉलर घातल्या होत्या, ते काम पशुवैद्यक आणि वन विभागाचं. एवढं सांगतो की कॉलरचं ठिकाण काही तास आलं नाही म्हणजे कॉलर बिघडली असं नसतं. बिबट्या कातळाच्या कपारीत किंवा दाट झाडीत झोपला असेल तर आकाश झाकलं जातं आणि उपग्रहांचे संदेश पोचत नाहीत.

निघण्याआधी

कॅमेऱ्याला चाचणीची सोय असते, समोर हालचाल झाली की दिवा लागतो. ती सकाळी गार हवेत करून निघून येऊ नका. शक्य असेल तर संध्याकाळी करा. वाटेवरून गुडघ्या-हातांवर, बिबट्याच्या उंचीनं, कॅमेऱ्यासमोरून आडवे जा. एकदा त्याच्या चालीनं, एकदा जरा वेगानं. दिवा नेमका कुठे लागतो तिथे काडी रोवा. काडी चौकटीच्या मध्याच्या आधी असायला हवी.

आणि माणसांचे फोटो. जळण आणायला जाणाऱ्या मावश्या, नाल्यावर जाणारी मुलं, सगळे येतात. ते कुणाला पाठवू नका, दाखवू नका, वन विभागाशी ठरलंय त्याप्रमाणे बाजूला करून पुसा. ज्या पाड्यावरची माणसं आपल्या कॅमेऱ्याला हात न लावता त्याच्या शेजारून रोज जातात, त्यांचा तो विश्वास आहे.

प्रत्येक कॅमेऱ्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक चिकटपट्टी लावतो आणि पेन्सिलीनं लिहितो, म्हणजे कार्ड बदलायला दुसरं कुणी गेलं तरी त्याला कळावं. तोंड कोणत्या दिशेला, वाटेपासून किती मीटर, सेल कधी घातले, जेल कधी बदललं. गोठ्याच्या त्या भिंतीनंतर शेवटी एक ओळ वाढवली आहे: मागे काय आहे, आणि रात्री आठला ते किती गरम असतं.